यादीत आपल्या मोहल्ल्याचे नाव आहे का?

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर बुटीबोरी आणि बोरखेडी मागे पडले की सिंदी लागते. गावाच्या नावापुढे कंसात 'रेल्वे' लिहिण्याची पद्धत आहे, कारण वर्धा शहराला लागून दुसरी सिंदी आहे, सिंदी (मेघे). गांधीजी १९३५ च्या सुमारास वर्ध्याला मगनवाडीत राहत होते तेव्हा त्यांचे सहकारी सकाळी बादली-झाडू घेऊन सफाईला जात, ती ही दुसरी सिंदी. आमचा आजचा विषय मात्र रेल्वेवाल्या सिंदीचा आहे. कापसाचा हा गाव. बाजारभावाच्या यादीत रोज 'सिंदी (सेलू)' असे नाव छापून येते. तान्ह्या पोळ्याला इथे लाकडी नंदी पाहायला आसपासच्या गावांतून माणसे लोटतात. तालुका सेलू असला तरी नगरपरिषद सिंदीची स्वतःची आहे.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी (रेल्वे) या जिल्ह्यातल्या सहा नगरपरिषदा. राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले. काही ठिकाणी न्यायालयीन वादामुळे ते २० डिसेंबरला घ्यावे लागले आणि सगळीकडची मोजणी २१ डिसेंबरला झाली. त्याआधी राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांत काही वर्षे प्रशासकांचाच कारभार होता. या काळात नाली तुंबली तर कोणाच्या दारात जायचे हा प्रश्न होता. आता दार आहे. प्रभागात दोन सदस्य आहेत, थेट लोकांनी निवडलेला नगराध्यक्ष आहे आणि निम्म्या जागांवर महिला आहेत.

मतदानाच्या दिवशी आपले मोहल्ले सकाळपासून रांगेत असतात, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. त्यानंतर काय होते, ते तितके अभिमानाचे नाही. उमेदवाराला चहा पाजून, कब्रस्तानच्या भिंतीचे वचन घेऊन आपण घरी येतो आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत भिंतीची वाट पाहतो. भिंत मात्र वचनाने उभी राहत नाही. तिच्यासाठी ठराव लागतो, ठरावाला प्राकलन लागते आणि प्राकलन कामांच्या यादीत असावे लागते. येत्या काही महिन्यांत छोट्या नगरपरिषदांमध्ये अशा अनेक याद्या तयार होतील. त्या कशा होतात आणि त्यात आपला मोहल्ला कसा येतो, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

पैसा कुठून येतो

सिंदीएवढ्या गावात नगरपरिषदेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजारातल्या दुकानांचे भाडे आणि किरकोळ फी. त्यातून नोकरांचे पगार, वीजबिल आणि झाडलोट कशीबशी भागते. सिमेंट रस्ता, मोठी नाली, पाण्याची टाकी ही कामे वरून आलेल्या पैशातूनच होतात. केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी, राज्याची नगरोत्थान योजना, जिल्हा नियोजन समितीतून येणारी नागरी दलित वस्ती सुधारणा आणि दलितेतर वस्ती सुधारणा, अधूनमधून एखादी वैशिष्ट्यपूर्ण योजना. या सगळ्या नळांची तोंडे वेगवेगळी असली तरी चावी एकच आहे. नगरपरिषदेने सभेत ठराव करून कामांची यादी पाठवली तरच पैसा सुटतो.

इथे एक तारीख ध्यानात घ्यावी. पंधराव्या वित्त आयोगाची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपते आणि १ एप्रिलपासून सोळाव्याची सुरू होते. पंधराव्या आयोगाने छोट्या शहरांना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिला होता. त्यामुळे रस्त्याचा अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला 'त्यात पैसा नाही' असे उत्तर मिळे आणि ते खोटे नसे. मोहल्ल्याने रस्त्याऐवजी नाली आणि पाइपलाइन मागितली असती तर कदाचित काम झाले असते. कोणत्या पेटीत कशासाठी पैसा आहे हे अर्ज करण्याआधी विचारून घेतले तर निम्मे श्रम वाचतात.

नगरपरिषदेचे अंदाजपत्रक फेब्रुवारीत सभेपुढे येते. मुख्याधिकारी ते तयार करतात आणि सदस्य मंजूर करतात. बहुतेक ठिकाणी ते अर्ध्या दिवसात मंजूर होते, कारण भांडण आधीच बंद खोलीत झालेले असते. म्हणून आपले म्हणणे सभेच्या दिवशी नव्हे, जानेवारीतच नगरसेवकाच्या आणि मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर असायला हवे. या अंदाजपत्रकात दोन रकमा अशा असतात की त्यांची विचारणा कोणत्याही घराने करावी. पाच टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी. शिलाईचे प्रशिक्षण, अंगणवाडीसाठी सामान, घरात चालता न येणाऱ्या मुलासाठी मदत, हे सगळे इथून होऊ शकते. दिव्यांगांची नोंद नगरपरिषदेत केलेली नसेल तर ती रक्कम दुसऱ्याला मिळते किंवा तशीच पडून राहते. आमच्या समाजात अपंग मूल घरात झाकून ठेवण्याची जुनी खोड आहे. तिची किंमत त्या मुलालाच मोजावी लागते.

धार्मिक अल्पसंख्याकांची वस्ती लक्षणीय असलेल्या शहरी भागासाठी राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाचीही पायाभूत सुविधांची योजना आहे. कब्रस्तानची संरक्षक भिंत, ईदगाह, पाणी, दिवे, सभागृह अशी कामे त्यात बसतात. अनेकांना वाटते की हा निधी मस्जिद कमिटीला किंवा समाजाच्या पुढाऱ्याला मिळतो. तसे नाही. प्रस्ताव नगरपरिषदच पाठवते, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. म्हणजे इथेही पुन्हा ठराव आणि पुन्हा यादी.

एका ठरावाचे बळ

ठराव म्हणजे बहीखात्यातली एक ओळ, असे समजणाऱ्यांनी अकोला जिल्ह्यातल्या पातूरचे उदाहरण पाहावे. तिथल्या नगरपरिषदेच्या इमारतीवरच्या फलकावर मराठीखाली उर्दूतही नाव आहे आणि नगरपरिषदेत उर्दूचा वापर १९५६ पासून चालत आलेला आहे. एका माजी नगरसेविकेने त्याला हरकत घेतली. फेब्रुवारी २०२० मध्ये नगरपरिषदेने सभेत बहुमताने ठरवले की उर्दू राहील. वाद जिल्हाधिकाऱ्यांकडे, विभागीय आयुक्तांकडे, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशु धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी फलकावरची उर्दू राहू दिली. मराठीच्या जोडीला दुसरी भाषा वापरण्यास कायद्याची मनाई नाही, असे न्यायालयाने मानले. या लढाईत पातूरच्या मुस्लिमांजवळ सर्वांत भक्कम वस्तू कोणती होती? मोर्चा नव्हे, भाषणही नव्हे. आपल्या नगरपरिषदेने बहुमताने केलेला एक ठराव होता.

दुसरी बाजूही पाहावी. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवली महापालिकेने मांसाची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढला तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. महापालिकेने सांगितले की हे नवे नाही, १९८८ पासूनचेच आहे. सदतीस वर्षांपूर्वी कोणीतरी कागदावर काहीतरी उमटवले आणि त्या दिवशी रोजी गेली ती आजच्या खाटीक कुटुंबांची. ज्याने कागद केला तो हयात नसतो, ज्याच्या घरावर तो पडतो त्याला त्याची माहिती नसते. म्हणून आपल्या नगरपरिषदेचे जुने ठराव काय आहेत, बाजाराचे, मांसविक्रीचे, मंडईतल्या ओट्यांचे, हे माहितीच्या अधिकारात एकदा मागून घेणे शहाणपणाचे. अर्जाला तीस दिवसांत उत्तर देणे कायद्याने बांधील आहे.

सभा कधी असते, हेही सांगायला हवे. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याप्रमाणे सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते, आणि तिची नोटीस विषयपत्रिकेसह सदस्यांना आधी पोहोचते. विषयपत्रिका नगरसेवकाच्या घरी येते, त्याच आठवड्यात त्याच्याकडे जाऊन ती मागावी. आपले नगरसेवक दारात आलेल्या मतदाराला नाही म्हणणार नाहीत. सभेत नागरिकांना बोलता येत नसले तरी बसून ऐकता येते, बहुमताने सभा बंद ठेवण्याचे ठरवले नसेल तर. मागच्या बाकावर मोहल्ल्यातली चार माणसे शांतपणे बसली आहेत, एवढ्याने बोलणारे जरा जपून बोलतात.

घरपट्टीचे तीस दिवस

आता कराकडे येऊ, कारण तो थेट घराच्या खिशाला लागतो. मालमत्ता कराची फेरआकारणी किमान दर चार वर्षांनी करायची असते. कार्यालयात तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. माणसे येऊन घर मोजतात, यादी तयार होते आणि ती पाहायला ठेवल्याची जाहीर नोटीस लागते. मग हरकतीसाठी किमान तीस दिवस असतात.

या तीस दिवसांत बहुतेक घरे गप्प बसतात, कारण नोटीस नगरपरिषदेच्या फलकावर आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात असते. पुढे बिल हातात आले की आरडाओरडा होतो. तोपर्यंत यादी पक्की झालेली असते. हरकत फुकट आहे, वकील लागत नाही. पत्र्याचे छप्पर स्लॅब म्हणून लिहिले आहे का, राहत्या खोलीला दुकान म्हटले आहे का, मोजमाप भावाच्या हिश्शासह झाले आहे का, मय्यत झालेल्या वडिलांच्या नावावरच बिल येत आहे का, एवढे चार मुद्दे तपासले तरी पुष्कळ आहे. शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार आढळतो. वाटणी तोंडी झालेली असते, वारसांची नोंद कोणीच केलेली नसते. मग घरकुलाच्या अर्जाला कागद लागतो तेव्हा चार भाऊ, दोन बहिणी आणि एक नाराज जावई एका टेबलाशी गोळा करावे लागतात. बहिणीचा हिस्सा शरीअतने ठरवून दिलेला असताना नोंदीत तिचे नाव का नसते, हा प्रश्न नगरपरिषदेने विचारावा अशी वेळ यायला नको.

थकबाकीबद्दल एक हिशेब. वेळेत न भरलेल्या करावर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. तीन हजार रुपये थकले तर महिन्याला साठ, वर्षाला सातशे वीस. बँकेचे व्याज नको म्हणून कर्ज न काढणारी कितीतरी घरे ही शास्ती मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढू देतात. हप्त्याने भरणा घेतात का ते कर विभागात विचारावे आणि ३१ मार्चपूर्वी जमेल तेवढे भरून पावती ठेवावी. पावती हरवू नये. नळजोडणी, वारसनोंद, दाखला, प्रत्येक ठिकाणी आधी हीच मागतात.

कब्रस्तानचा रस्ता

राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. त्यासोबत जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय आहेत आणि चौदावा विषय दफनभूमी व स्मशानभूमीचा आहे. राज्याच्या १९६५ च्या कायद्यातही अंत्यविधीच्या जागा उपलब्ध करणे आणि त्यांची देखभाल हे नगरपरिषदेच्या बंधनकारक कामांत मोडते. आम्ही हे मुद्दाम लिहितो, कारण कब्रस्तानसाठी काही मागताना आपला सूर उपकार मागितल्यासारखा असतो. तो तसा असण्याचे कारण नाही. स्मशानाच्या शेडसाठी शेजारचा मोहल्ला मागतो तशीच ही मागणी आहे, आणि दोन्ही एकाच अर्जात गेल्या तर अधिक वजनदार होतात.

विदर्भातला पाऊस आणि काळी माती ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. जुलैमध्ये मय्यत न्यायची वेळ येते, शेवटच्या काही पावलांवर पाय रुततो, खांदा देणारे चपला हातात घेतात, कबरीत पाणी भरते म्हणून आधी बादल्यांनी उपसावे लागते. रात्रीची मिट्टी असेल तर मोबाइलच्या उजेडात. हे कित्येक गावांतले चित्र आहे. आपण ते नशीब म्हणून सोसतो. खरे पाहता तो शंभर-दोनशे मीटर रस्त्याचा, दोन खांबांचा आणि पाणी वाहून जाण्याच्या एका चरीचा प्रश्न असतो.

पण या मागणीआधी एक काम आपल्याकडचे आहे. जागा कोणाची आहे? सातबारावर कब्रस्तान असे लिहिले आहे की ती नझूलची आहे, की वक्फची आहे? केंद्र सरकारने ६ जून २०२५ रोजी उम्मीद पोर्टल सुरू केले आणि वक्फ मालमत्तांची नोंद सहा महिन्यांत करायला सांगितली. ती धावपळ डिसेंबरपर्यंत सगळ्यांनी पाहिली. ज्या कमिट्यांनी नोंद केली त्यांच्याजवळ आता निदान कागदांची एक फाइल तयार आहे. हीच फाइल नगरपरिषदेतही लागते. जागेचा कागद नसेल तर कनिष्ठ अभियंता प्राकलन करत नाही, आणि प्राकलन नाही म्हणून काम यादीत येत नाही. काही कमिट्यांना भीती वाटते की नगरपरिषदेने भिंत बांधली तर जागा नगरपरिषदेची होईल. भिंत बांधल्याने मालकी बदलत नाही. मालकी ठरते ती नोंदीवरून, म्हणून नोंद नीट करून ठेवावी.

विकास आराखड्याचाही इथे संबंध येतो. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत दिली जाते. त्या नकाशावर कब्रस्तान दाखवले आहे का, त्याच्याकडे जाणारा रस्ता दाखवला आहे का, की तिथे दुसराच रंग भरला आहे, हे कोणीतरी डोळ्यांनी पाहून यायला हवे. नव्या कब्रस्तानसाठी आरक्षण टाकून घेतले म्हणूनही निश्चिंत होऊ नये. आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण गळून पडते. आरक्षण मिळाल्याचे पेढे खाल्ले आणि पुढे विसरले, असे झाले की जागा जाते.

सिंदीला हे आणखी तातडीचे आहे. गावाजवळ ड्रायपोर्ट उभारण्याची योजना आहे. मुंबईच्या जवाहरलाल नेहरू बंदराने ऑक्टोबर २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या कंपनीशी त्यासाठी करार केला, जागा साडेतीनशे एकरांच्या आसपास. समृद्धी महामार्ग सेलू तालुक्यातूनच जातो, त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. गोदामे, ट्रक, लेआउट, भाड्याच्या खोल्या हे सगळे अशा प्रकल्पामागोमाग येते. तरुणांना काम मिळेल अशी आशा आम्हीही धरून आहोत. पण जमिनीचे भाव चढले की गावाच्या कडेच्या जागा सर्वांत आधी हलतात, आणि आपली कब्रस्ताने, ईदगाहे आणि गरिबांच्या झोपड्या नेमक्या कडेलाच असतात. जिथे हद्दवाढीची किंवा आराखडा सुधारण्याची चर्चा निघेल तिथे पहिल्या दिवसापासून लक्ष हवे.

कडेच्या झोपड्यांचाही एक मार्ग आहे. शासकीय जमिनीवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २०१८ मध्ये झाला, प्रधानमंत्री आवास योजनेतून घरे मिळावीत म्हणून. पट्टा मिळाल्याशिवाय घरकुलाचे अडीच लाख मिळत नाहीत. त्यासाठी सर्वेक्षण होते आणि पुन्हा एक यादी बनते. त्या दिवशी घराला कुलूप असेल तर नाव राहून जाते. हंगामात कामासाठी बाहेर गेलेल्या कुटुंबांनी शेजाऱ्याजवळ २०११ पूर्वीचे मतदार यादीतले नाव, वीजबिल किंवा कराची पावती ठेवून जावे.

यंदाचे दोन महिने

रमजान यंदा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होईल, चंद्रदर्शनावर एखादा दिवस इकडेतिकडे. म्हणजे अंदाजपत्रकाची सभा आणि रमजान जवळजवळ एकत्र येतात. नळाची वेळ सहेरीशी जुळवून घेणे, मस्जिदीच्या वाटेवरचे बंद दिवे बदलणे, इफ्तारनंतरचा कचरा रात्रीच उचलणे, यांना ठरावही लागत नाही. मुख्याधिकाऱ्यांना आधी पत्र दिले तर काम होते. पहिल्या रोज्याला तक्रार घेऊन जाणे म्हणजे उशीर.

बकरी ईद मे महिन्याच्या शेवटी येते, ऐन उन्हाळ्यात. विदर्भात तेव्हा पाण्याची ओरड असते. कुर्बानीसाठी जागा, तिथे पाण्याचा टँकर, अवशेष नेण्यासाठी बंद गाडी आणि पुरण्याचा खड्डा, ही तयारी एप्रिलच्या सभेत विषय म्हणून यायला हवी. आपल्याकडूनही काही बंधने पाळायची आहेत. राज्यात गाय, बैल आणि वळू यांच्या हत्येला बंदी आहे, त्याबद्दल कोणालाही शंका घ्यायला जागा ठेवू नये. रक्ताचे पाणी उघड्या नालीत सोडले की शेजारच्या गल्लीत दुर्गंधी जाते. ज्या शेजाऱ्याच्या नाकाला तो वास लागतो तोच पुढच्या सभेत आपल्या अर्जाच्या विरोधात हात वर करतो. रस्त्यातली इजा दूर करणे हे ईमानच्या शाखांमध्ये मोजले गेले आहे, हे आपण जुम्याच्या खुत्ब्यात कितीदा ऐकतो.

तान्ह्या पोळ्यासाठी सिंदीत नगरपरिषद आणि मंडळे जी तयारी करतात ती शिकण्यासारखी आहे. दरवर्षी तोच दिवस, म्हणून मार्ग ठरलेला, कामे ठरलेली. सण तारखेने आधीच माहीत असतो, तसा आपलाही माहीत असतो.

अर्ज कसा असावा

'आमच्या मोहल्ल्याकडे लक्ष द्यावे' असा अर्ज फाइलमध्ये जातो आणि तिथेच राहतो. कामाचा अर्ज असा असतो: अमुक घरापासून अमुक चौकापर्यंत, लांबी इतके मीटर, रुंदी इतकी, नाली कोणत्या बाजूला हवी, उतार कुठे आहे, पाणी शेवटी कुठे जाते. सोबत दोन फोटो. मोजायला शिंप्याचा टेप आणि दोन मुले पुरतात. त्याखाली वीस-पंचवीस सह्या, त्यात शेजारच्या बिगरमुस्लिम घरांच्याही, कारण नाली तर त्यांच्याही दारावरून वाहते. भाषा मराठी, साधी. आमच्या अनेक घरांत आजीला दखनी येते, वडिलांना उर्दू येते आणि मराठी शाळेत जाणाऱ्या मुलीला सगळे येते. अर्ज तिने लिहावा. आवक-जावकच्या खिडकीवर देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्यावा. ती पोहोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असे समजले जाते.

मग पाठपुरावा. पंधरा दिवसांनी विचारावे: प्राकलन झाले का? महिन्याने: तांत्रिक मान्यता मिळाली का? नंतर: यादीत कितव्या क्रमांकावर आहे? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण निधी नेहमी यादीपेक्षा कमी येतो आणि खालची कामे पुढच्या वर्षावर जातात. काम सुरू झाले की अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्यावी. चार इंचांचा सिमेंट थर लिहिला असेल आणि तीन इंच पडत असेल तर मोजमाप पुस्तिकेत नोंद होण्याआधी बोलावे, नंतर बोलून उपयोग नाही.

हे सारे कोण करणार? आमचे मत असे की हे काम घरातल्या स्त्रियांनी हाती घ्यावे. नळाला पाणी कधी येते, किती येते, नाली कधी तुंबते याचा हिशेब त्यांच्याकडेच असतो. पुरुषांना तो विचारावा लागतो. शिवाय नगरपरिषदेत निम्म्या सदस्य महिला आहेत. भाभी, खाला आणि आपा मिळून पाच जणी नगरसेविकेच्या ओसरीवर गेल्या तर ती तिच्या नवऱ्याला पुढे करण्याऐवजी स्वतः बोलू लागते. नगरसेविकेचे पती सभेच्या बाहेर थांबतील तेवढा कारभार सुधारेल, हे आमचे स्पष्ट मत. परंपरेत असे सांगतात की हजरत उमर (र.) यांनी मदिनेच्या बाजारावर देखरेखीसाठी शिफा बिन्त अब्दुल्लाह या विदुषीची नेमणूक केली होती. बाजारातली मापे, स्वच्छता, व्यवहार पाहण्याचे हे काम. आजच्या भाषेत ते नगरपरिषदेच्या कामाच्या अगदी जवळचे आहे. सल्लामसलतीला कुरआनात किती मान आहे हे सूरह शूरा या नावावरूनच कळते.

मोहल्ल्यात एक वही ठेवावी, मदरशात किंवा कोणाच्या दुकानात, जिथे सगळे येतात. त्यात पाच रकाने आखावेत: काय मागितले, अर्जाचा आवक क्रमांक, तारीख, कोणाला भेटलो, उत्तर काय मिळाले. जन्म-मृत्यूची नोंदही त्याच वहीत आठवण म्हणून लिहावी. घटना घडल्यापासून एकवीस दिवसांत नगरपरिषदेत नोंदवली तर विनाखटपट होते, उशिरा केली तर दाखल्यासाठी कार्यालयांच्या फेऱ्या सुरू होतात. गेल्या वर्षी उशिराच्या जन्मदाखल्यांवरून राज्यात काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे.

सिंदीच्या वाचकांनी आणि आसपासच्या सेलू, केळझर, हिंगणी, पवनारच्याही वाचकांनी, कारण ग्रामपंचायतीतही यादीच असते, या महिन्यात एकच गोष्ट करावी. नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन २०२६-२७ साठी प्रस्तावित कामांची यादी मागावी आणि आपल्या गल्लीचे नाव शोधावे. नाव असेल तर क्रमांक लिहून घ्यावा. नसेल तर फेब्रुवारीची सभा अजून व्हायची आहे.